गडावरचे चार कामगार : एकविचाराच्या परीक्षेविषयी काही टिपणे

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्या बारांत पन्हाळा आहे आणि दूर तमिळ देशातील जिंजीही आहे. या दोन नावांचा दुसरा एक संबंध मात्र त्या प्रसंगी फारसा कोणाच्या ध्यानात आला नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर १६९४ च्या सुमारास जिंजीस, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले आज्ञापत्र १७१५ चे, म्हणजे पन्हाळ्यास करवीरची गादी स्थापन झाल्यानंतर अवघ्या पाच वर्षांचे. गडांवरील माणसे कशी नेमावीत, त्यांच्याकडून काम कसे घ्यावे आणि ते नीट चालले आहे की नाही हे कसे ओळखावे, याविषयी जुन्या मराठीत जे काही महत्त्वाचे लिहिले गेले त्याचा मोठा वाटा या दोन ग्रंथांत आहे. गौरव झाला तो तटबुरुजांचा, आणि तो योग्यच आहे. प्रस्तुत टिपणांचा विषय तटाच्या आत बसून हजेरी मांडणारी, धान्य मोजणारी आणि दरवाजा लावणारी माणसे हा आहे.

प्रश्न साधा दिसतो. चार माणसांवर मिळून एक काम सोपविले असता ती माणसे एकमेकांशी जुळून काम करीत आहेत की नाहीत, हे बाहेरच्याने ठरवावे कसे? आजच्या कचेऱ्यांतून आणि विद्यापीठांतूनही यासाठी छापील प्रश्नावल्या वाटल्या जातात. तुमचा सहकाऱ्यांवर विश्वास आहे काय, मतभेद मोकळेपणाने बोलले जातात काय, अशा प्रश्नांपुढे एक ते पाच आकडे असतात. त्यांची सरासरी काढून त्या मंडळींची संघभावना निश्चित केली जाते. या पद्धतीत माणसांना त्यांच्या मनाविषयी विचारले जाते. सतराव्या शतकातील राज्यकर्त्यांनी हा प्रश्न विचारलाच नाही. मनाचा ठाव लागत नाही, आणि लागला तरी सांगणाऱ्याच्या शब्दावर तो मान्य करता येत नाही, असे त्यांचे गृहीत दिसते. त्यांनी परीक्षेसाठी दुसऱ्या वस्तू निवडल्या. त्या कोणत्या, हे पाहण्यासाठी त्या काळच्या राज्यव्यवहारातील शब्दांचा माग काढणे हा एक मार्ग आहे, आणि भाषेच्या अभ्यासकास तोच जवळचा वाटतो.

प्रथम ‘कामगार’ हा शब्दच घ्यावा. आज त्याचा अर्थ अंगमेहनतीचे काम करणारा मजूर असा झाला आहे. जुन्या कागदांत मात्र कामगार म्हणजे ज्याच्यावर सरकारी काम सोपविले आहे असा अधिकारी. ‘कारखाना’ या शब्दाचीही तीच कथा. यंत्रांचा खडखडाट त्याला पुढे चिकटला. पूर्वी कारखाना म्हणजे सरकारी कोठार किंवा खाते. हे अर्थ ध्यानात ठेवले नाहीत तर पुढील मजकुरातील गडावरचे कामगार एखाद्या गिरणीतले वाटू लागतील.

सभासदाने वर्णिलेली व्यवस्था अशी. प्रत्येक गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तिघे एका प्रतीचे कामगार असावेत आणि त्या तिघांनी मिळून कारभार करावा. कोठाराचे काम पाहण्यासाठी कारखानीस हा चौथा. गडाचा घेरा मोठा असेल तर तटाचे भाग पाडून त्यांवर आणखी पाच-सात तटसरनोबत नेमावेत. किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात. पहारा आणि गडावरील लोक सरनोबताकडे. हजेरी व जमाखर्च सबनिसाकडे. धान्य, दारूगोळा आणि इतर सामान कारखानिसाकडे. या मांडणीचे कारणही सभासद आडपडदा न ठेवता सांगतो. एकट्याच्या हाती गड राहिला तर फितवा होण्यास वेळ लागत नाही, म्हणून हात अनेक. शिवाजी महाराजांच्या अखेरीस राज्यात सुमारे २४० गड होते असे त्याचेच परिगणन आहे. म्हणजे सुमारे हजारभर मुख्य कामगार झाले. त्या प्रत्येकास महाराजांनी स्वतः पारखून घ्यावे ही गोष्ट अशक्य होती. परीक्षा व्यक्तीवर अवलंबून ठेवता येत नव्हती, ती मांडणीतच घालावी लागली.

आता या नावांकडे पाहू. ‘हवाला’ म्हणजे विश्वासाने सोपविलेली वस्तू. ती धारण करणारा तो हवालदार. ‘सरनोबत’ या नावात नौबतीचा, म्हणजे पाळीच्या पहाऱ्याचा प्रमुख हा फारसी अर्थ आहे. सबनीस आणि कारखानीस यांच्या शेवटचा ‘नीस’ हा फारसी ‘नवीस’, लिहिणारा, याचे मराठी रूप. चिटणीस, फडणीस, पोतनीस, वाकनीस या नावांतही तोच आहे. म्हणजे चौघांपैकी दोघांचे नाव हाती असलेल्या वस्तूवरून वा माणसांवरून पडले आहे आणि दोघांचे लेखणीवरून. ज्याच्या हाती वस्तू आहे त्याच्या हाती तिचे लेखन नाही, आणि जो लिहितो त्याच्या कमरेला किल्ली नाही. कारखानीस मात्र या विभागणीत किंचित अडचणीचा आहे, कारण तो कोठारही सांभाळतो आणि त्याची नोंदही ठेवतो. कदाचित म्हणूनच सबनिसाचा सर्वसाधारण जमाखर्च त्याच्या नोंदीशेजारी ठेवण्याची गरज पडली असावी. (पुढे ही सर्व नावे आडनावे झाली. आज एखाद्या महाविद्यालयाच्या हजेरीपटावर सबनीस आणि कारखानीस शेजारी शेजारी सह्या करतात, आणि एकमेकांचे हिशेब तपासण्यासाठी आपल्या पूर्वजांची योजना झाली होती याची दोघांनाही आठवण नसते.)

याहून अधिक बोलके आहेत ते तपासणीचे शब्द. मराठेकालीन कागदपत्रे चाळणाऱ्यास ‘रुजुवात’ हा शब्द पावलोपावली भेटतो. अरबी ‘रुजू’ म्हणजे परत वळणे. एक नोंद दुसरीकडे वळवून ती तिच्याशी जुळते की नाही हे पाहणे म्हणजे रुजुवात. ‘मुकाबला’ आज लढाईच्या किंवा कुस्तीच्या मैदानात गेला आहे, परंतु दफ्तरात त्याचा अर्थ दोन कागद समोरासमोर ठेवून ताडून पाहणे एवढाच होता. ‘ताळा’ हा तर शाळेतील मुलांनाही ठाऊक असलेला शब्द. ‘सही’ हा शब्द आपण नाव लिहिणे या अर्थाने वापरतो. अरबीत ‘सहीह’ म्हणजे बरोबर, अचूक. कागदावर सही करणारा आपण कोण हे सांगत नव्हता, समोरचे लिहिणे बरोबर आहे याची ग्वाही देत होता. या सगळ्या शब्दांत समान काय आहे? प्रत्येकाला किमान दोन कागद लागतात, आणि ते दोन वेगळ्या हातांनी लिहिलेले असावे लागतात. एकाच हाताने लिहिलेल्या दोन कागदांची रुजुवात होऊ शकते, पण तिला काही अर्थ राहत नाही.

हा मुद्दा पुस्तकी वाटू नये म्हणून एक लहानसा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेत (तिचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही) ग्रंथ आणि उपकरणे यांच्या मोजणीसाठी आमची नेमणूक झाली होती. तेथील मंडळी अत्यंत मनमिळाऊ. खरेदीचे पुस्तक, साठ्याचे पुस्तक आणि देवघेवीचे पुस्तक या तिन्हींचा मेळ सलग सात वर्षे एका अंकानेही चुकला नव्हता. आम्ही कौतुकाचा शेरा लिहून मोकळे होणार, इतक्यात तिन्ही पुस्तकांतील चारचा आकडा एकाच वळणाचा आहे हे माझ्या लक्षात आले. मोडी वाचण्याची सवय असल्यामुळे अक्षराच्या वळणाकडे डोळा जातो एवढेच. तिन्ही पुस्तके एकच गृहस्थ भरीत असत. उरलेले दोघे, सज्जनपणामुळे आणि त्यांच्यावरील विश्वासामुळे, सही करीत असत. कपाटे उघडली तेव्हा वस्तू बऱ्याच कमी भरल्या. चोरी कोणीच केली नव्हती. वर्षानुवर्षे कोणी मोजलेच नव्हते. त्या दिवशी त्या तिघांना प्रश्नावली दिली असती तर परस्परविश्वासाच्या रकान्यात पाचांपैकी पाच गुण पडले असते, आणि ते खोटेही ठरले नसते.

मराठी भाषेने या दोन अवस्थांना दोन वेगळे शब्द दिले आहेत ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कामासाठी झालेले ऐक्य तो ‘एकविचार’. कामाच्या आड झालेले ऐक्य ते ‘संगनमत’. दोहोंत माणसे जुळलेलीच असतात. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही ठिकाणी शांतता, गोडी आणि एकमुखी उत्तरे आढळतात. किंबहुना संगनमतात ती अधिक आढळतात, कारण तेथे भांडण उघड होणे कोणालाच परवडत नाही. तेव्हा केवळ गोडी मोजणारी कोणतीही परीक्षा या दोन अवस्थांत भेद करू शकणार नाही. गडाची मांडणी करणाऱ्यांना हे पुरते ठाऊक होते.

त्यांनी त्यासाठी योजलेला एक उपाय आजच्या वाचकास खटकेल आणि खटकावाही. सभासदाच्या सांगण्याप्रमाणे हवालदार व सरनोबत मराठा, सबनीस ब्राह्मण आणि कारखानीस प्रभू अशी नेमणूक असे. काही लेखकांनी यात सर्व जातींना सामावून घेण्याचे धोरण पाहिले आहे. मला तसे वाटत नाही. निदान सभासदाच्या मजकुरातून तो अर्थ निघत नाही. तेथे कारण फितव्याचे आहे. समाजात जे अंतर होते तेच तपासणीचे साधन म्हणून वापरले गेले. वेगवेगळ्या सोयरिकींतील माणसे सहजासहजी एक होणार नाहीत हा त्यामागचा हिशेब. राज्यकर्त्याच्या दृष्टीने तो चतुर होता. पण ज्या भिंती त्या हिशेबाला आधार देत होत्या त्या पाडण्याचे कारण त्या हिशेबाजवळ नव्हते, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

आज्ञापत्रात हीच विचारसरणी अधिक प्रौढ रूपात भेटते. तेथे गडावरील कामगारांच्या बदलीचा नियम आहे: हवालदार तीन वर्षांनी, सरनोबत चार वर्षांनी, सबनीस व कारखानीस पाच वर्षांनी बदलावेत. एके ठिकाणी फार दिवस राहिलेली माणसे परस्परांत गुंततात, हे त्यामागचे कारण उघड आहे. परंतु तीन, चार, पाच असे विषम आकडे का? सर्वांना एकाच वर्षी का बदलू नये? क्षणभर गणित करून पाहावे. सर्वजण एकाच दिवशी नेमले गेले असे धरले, तर ते सर्व पुन्हा एकाच वर्षी बदलण्याचा योग साठ वर्षांनी येईल. म्हणजे गडाची वाट, टाक्यांचे पाणी, तटाचा कच्चा भाग, कोठारातील जुने धान्य कोणते आणि नवे कोणते, ही माहिती सांगणारा कोणी ना कोणी जुना माणूस नेहमी गडावर शिल्लक राही, आणि प्रत्येक नव्या माणसास आपल्या आधीच्याचे काम ताडून घेण्याचा हक्क आणि गरज दोन्ही असत. हे गणित लिहिणाऱ्याने मनात धरले होते की नाही हे ग्रंथ सांगत नाही. नियमाचा परिणाम मात्र तोच होतो. बदलीच्या दिवशी होणारी मोजदाद ही त्या मंडळींची खरी परीक्षा असली पाहिजे, कारण ती दर तीन-चार-पाच वर्षांनी, ठरल्या वेळी आणि कोणाच्याही तक्रारीविना होणार होती.

आज्ञापत्राच्या दुर्गप्रकरणातील आणखी एक भाग विद्यार्थी सहसा वाचून पुढे जातात, कारण तो घरगुती वाटतो. पावसाळ्यात तोफांना तेल-मेण लावून त्या झाकाव्यात. दारूखाना वस्तीपासून दूर असावा. दारू वरचेवर बाहेर काढून वाळवावी. वाटांवर केर पडू देऊ नये, तो जाळून त्याची राख परसात टाकावी आणि तेथे भाजीपाला करावा. गडाभोवतीच्या रानाची काठीही तोडू देऊ नये. लढाईच्या ग्रंथात हा केराचा विषय कशासाठी? माझ्या समजुतीने, ही सारी अशी कामे आहेत की ती एका कोणाची नाहीत. किल्लीचा धनी ठरलेला आहे, हजेरीचा ठरलेला आहे. वाटेवरच्या केराचा ठरलेला नाही. दारू वाळवायची तर कारखानिसाने ती काढून द्यावी, सरनोबताने माणसे द्यावीत, सबनिसाने त्या माणसांची हजेरी लावावी आणि हवालदाराने दरवाजाची वेळ सांभाळावी. चौघांत कोठे तेढ असेल तर लढाईपूर्वी कित्येक महिने दारू दमट होऊ लागते. मुद्दाम गडावर जाणाऱ्या पाहणाऱ्याने चौघांना काही विचारण्याची गरज नाही. तोफेच्या तोंडावरून हात फिरवावा, तेवढे पुरे.

पन्हाळ्यावरील अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या तीन कोठ्या आजही उभ्या आहेत. त्या मराठ्यांच्या पूर्वीच्या. कारखानिसाचे राज्य म्हणजे त्यांच्या जाड भिंतींच्या आतले. वरून धान्य ओतायचे आणि खालून काढायचे अशी ती रचना पाहिली म्हणजे जुने आणि नवे धान्य यांचा हिशेब एका माणसाच्या स्मरणावर सोडता येणार नाही हे कोणासही पटेल.

ग्रंथांत लिहिलेले प्रत्यक्षात कितपत उतरले, हा प्रश्न येथे विचारला पाहिजे. त्यासाठी गडावरून खाली उतरून शिवाजी महाराजांची दोन प्रसिद्ध पत्रे पाहू. दोन्ही कोकणाशी संबंधित आहेत, परंतु विषय हाच. पहिले, सामान्यतः १६७३ सालचे समजले जाणारे, चिपळूणच्या बाजूस छावणीस असलेल्या लष्करातील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना मिळून लिहिलेले आहे. पावसाळ्यापुरता दाणावैरणीचा साठा केलेला आहे. तो आत्ताच मनास येईल तसा खर्च केला तर ऐन पावसात घोडी मरतील, आणि मग लोक रयतेस त्रास देऊ लागतील, असा त्यात इशारा आहे. पुढे आगीचा धोका सांगितला आहे. कोणी चूल पेटवील, कोणी गवताजवळ तंबाखू ओढील, उंदीर दिव्याची जळती वात ओढून नेईल, आणि एका गंजीबरोबर सारे जळून जाईल. त्यानंतर जे म्हटले आहे ते या पत्राचे मर्म आहे: मग कोणास कितीही कडक शिक्षा केली तरी त्यातून घराचा एक खणही उभा राहणार नाही. सामायिक कामातील नुकसानीस एक अपराधी शोधून काढणे हे त्या कामाचे मूल्यमापन नव्हे, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा दुसरा कागद माझ्या पाहण्यात नाही. पत्र सर्वांना मिळून लिहिले आहे हेही अर्थपूर्ण आहे. उंदराचा बंदोबस्त जुमलेदाराने करावा की कारकुनाने, हे महाराजांनी ठरवून दिलेले नाही.

दुसरे पत्र जानेवारी १६७५ चे, प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला. मुरुडजवळ पद्मदुर्ग उभा राहत होता आणि समोर जंजिऱ्याचा सिद्दी होता. दौलतखान व दर्यासारंग यांच्या आरमाराला रोकड आणि गल्ला पोहोचविण्याचे काम या सुभेदाराकडे दिले होते; ते त्याने वेळेवर केले नाही. पत्राची भाषा अत्यंत कठोर आहे, आणि सुभेदाराने शत्रूकडून काही घेतले असावे असा संशयही त्यात उघड बोलून दाखविला आहे. जातीमुळे मुलाहिजा होणार नाही हेही बजावले आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, सुभेदाराचे आरमारी सरदारांशी पटते की नाही, याची महाराजांनी चौकशीच केलेली नाही. माल पोहोचवायचा होता, तो पोहोचला नाही. दोन ठिकाणच्या नोंदी जुळल्या नाहीत, आणि न जुळलेली जागा हाच पुरावा.

येथपर्यंत मांडलेल्या विचारावर एक गंभीर आक्षेप येतो. व्यवस्था इतकी सावध होती, तर गड गेले कसे? १७०० ते १७०५ या काळात औरंगजेबाने साताऱ्यापासून पन्हाळा, विशाळगडापर्यंत एकामागून एक गड घेतले, आणि त्यांतील कित्येक पैसा मोजून घेतले. पण हा काळच आपल्याला आणखी एका चुकीच्या मापापासून दूर ठेवतो. १७०२ च्या उन्हाळ्यात विशाळगड परशुराम त्रिंबकाने दीर्घकाळ लढवून, रक्कम ठरवून आणि लोक सुखरूप बाहेर काढून सोडला. असे सोडलेले अनेक गड मोगलांची पाठ फिरताच मराठ्यांनी परत घेतले. तेव्हा गड गेला म्हणून तेथील मंडळी फुटलेली होती असे म्हणता येत नाही. आणि एखादा गड राहिला म्हणून ती एकदिल होती असेही नाही, कदाचित शत्रूच तिकडे फिरकला नसेल. वरिष्ठांच्या संमतीने पैसे घेऊन गड सोडणे ही मसलत आहे. संमतीवाचून सोडणे हा फितवा आहे. शत्रूच्या खतावणीत मात्र दोन्ही रकमा एकाच सदरात पडतात. परिणामावरून मंडळींची पारख करणाऱ्या इतिहासकारांनी हा भेद पुरेसा सांभाळलेला नाही, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते.

व्यवस्थेचे खरे अपयश गडावर दिसत नाही, ते वरच्या पायरीवर दिसते. १६८९ मध्ये राजाराम महाराज जिंजीकडे निघाले तेव्हा महाराष्ट्रातील कारभार रामचंद्रपंतांच्या हाती ‘हुकुमतपन्हा’ या अधिकाराने सोपविला गेला. शंकराजी नारायण सचिव आणि परशुराम त्रिंबक हे त्यांच्या जोडीस. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव रणांगणावर. राजा शेकडो कोस दूर, खजिना रिकामा, शत्रू दारात, अशा स्थितीत या मंडळींनी राज्य तगविले. कर्तृत्वाच्या दृष्टीने एवढी समर्थ मंडळी मराठ्यांच्या इतिहासात क्वचितच एकत्र आली असतील. परंतु गडावर जे होते ते येथे नव्हते. दोन सेनापतींच्या कामाची रुजुवात करणारा तिसरा हात नव्हता. कोणी कोठे संपवावे आणि कोणी कोठून सुरू करावे याची वेळ ठरलेली नव्हती. तंटा तोडणारा धनी जिंजीत होता, आणि अखेरीस तोच तंट्यातील एक पक्ष झाला. १६९६ मध्ये संताजी व धनाजी यांच्या फौजा प्रत्यक्ष एकमेकींवर चालून गेल्या आणि १६९७ मध्ये संताजी मारला गेला. हवालदार आणि सबनीस यांचे पटत नसेल तर पाच वर्षांच्या आत दोघेही बदलत. सेनापतींना असा नियम लागू नव्हता.

रामचंद्रपंतांनी हे सारे जवळून पाहिले. पुढे शाहू व ताराबाई यांच्यातील दुफळी पाहिली आणि १७१४ मध्ये पन्हाळ्यावर झालेले सत्तांतरही. आज्ञापत्र त्यानंतरच्या वर्षीचे आणि त्यांचा मृत्यू १७१६ चा. आज्ञापत्र हा आदर्श राज्याचा आराखडा म्हणून वाचण्याचा प्रघात आहे. मला त्यातील दुर्गप्रकरण एका वृद्ध कारभाऱ्याच्या हिशेबासारखे वाटते. जे गडावर साधले, ते का साधले हे तो बारकाईने लिहितो. दरबारात जे साधले नाही, त्याविषयी राजाने काय करावे हे सांगताना त्याचा सूर उपदेशाचा होतो, आणि आकडे तेथे सापडत नाहीत.

करवीर राज्यात या कथेचा आणखी एक टप्पा आहे. अठराव्या शतकाच्या ओघात बदलीचा नियम मागे पडला आणि गडावरील नोकरी वंशपरंपरेची झाली. नोकरीबद्दल जमिनी मिळाल्या, त्या बापाकडून मुलाकडे गेल्या. १८४४ मध्ये इंग्रजांच्या पाठिंब्याने कारभारी झालेल्या दाजी कृष्ण पंडित यांनी गडकऱ्यांच्या जमिनींची व्यवस्था मामलेदारांच्या हाताखाली आणण्याचे ठरविले. सामानगडाच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले, मग भुदरगड उठला, पन्हाळाही उठला. कर्नल ओव्हन्स बंडवाल्यांच्या हाती सापडून पन्हाळ्यावर कैदेत राहिला. जनरल डेलामोटच्या फौजेने ऑक्टोबरात सामानगड आणि १ डिसेंबर १८४४ रोजी पन्हाळा घेतला.

या बंडातील एकजूट निर्विवाद आहे. महिनोगणती गडांचे दरवाजे बंद राहिले ते एकजुटीशिवाय नव्हे. गडकऱ्यांच्या बाजूस न्यायही होता; पिढ्यांची भाकर एका हुकुमाने दुसऱ्याच्या हाती जात होती. तथापि १७१५ च्या दृष्टीने पाहणाऱ्याने या एकजुटीस काय म्हटले असते? ज्यांनी एकमेकांचे हिशेब ताडावेत म्हणून नेमले होते त्यांचे वंशज आता एका रक्ताचे, एका मिरासीचे आणि एका मनाचे झाले होते. धनी बदलला तेव्हा ते सर्व मिळून उलटले, कारण उलटून पाहणारा चौथा हात गडावर उरला नव्हता. त्यांचे हे करणे एकविचार की संगनमत, याचे उत्तर धनी कोणास मानावे यावर अवलंबून आहे, आणि १८४४ मध्ये कोल्हापुरात तोच प्रश्न अनिर्णित होता.

भाषेच्या बाजूने एक नोंद करून थांबतो. सभासदाच्या बखरीत गडाच्या कारभाराची गोष्ट निघाली की हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखानीस अशी पदे एकेक करून येतात. १८४४ चा प्रसंग मात्र सर्वत्र ‘गडकऱ्यांचे बंड’ या एकाच नावाने ओळखला जातो. ‘गडकरी’ हा शब्द जुनाच आहे. पण ज्या नावांनी त्या मंडळींत फरक केला जाई ती नावे तोवर बरीचशी आडनावांत जाऊन बसली होती. बंडानंतर पन्हाळ्याचा चार दरवाजा पाडण्यात आला. कोठ्या तेवढ्या राहिल्या.